खव्याच्या भट्टीवरचा संशयखोर

मी बोलतोय, पण लगेच माझ्यावर विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. संशय घेणं हाच माझा धंदा आणि त्याच्यासाठीच मला घडवलंय. मी एक डिटेक्टर आहे, टेराहर्ट्झ नावाच्या किरणांचा माग काढणारा. तिळाच्या दाण्याखाली झाकून जाईन एवढाच माझा जीव. सध्या मुक्काम वाशी तालुक्यातल्या एका गावात, खव्याच्या भट्टीवर, भिंतीतल्या फडताळात. शेजारी मिठाची बरणी आणि काड्यापेटी. शेजार बरा आहे, पण ती काड्यापेटी दोन दिवसांपूर्वी कोपऱ्यात होती, आता मधे कशी आली, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

बघा, हा असा माझा स्वभाव.

टेराहर्ट्झ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मलाच भामटा समजाल. रेडिओच्या लहरी तुम्हाला माहीत आहेत. चुलीची धग अंगाला लागते, तीही लहरच. या दोघींच्या मधे एक पट्टा आहे, तिकडं कितीतरी वर्षं फारसं कुणी फिरकलंच नाही. रेडिओवाले म्हणायचे, हे आमच्या फार वर. उजेडावर काम करणारे म्हणायचे, हे आमच्या फार खाली. त्या बेवारस पट्ट्यातले हे किरण. कापड, पुठ्ठा, प्लॅस्टिक यांच्यातून ते बिनदिक्कत पार होतात, पण पाणी आडवं आलं की तिथंच गारद होतात. एका बाजूनं किरण सोडायचे, मधे वस्तू धरायची, पलीकडं मी बसायचं आणि किती येऊन पोचले ते मोजायचं. कमी आले की माझ्या मनात पाल चुकचुकते. इथं ओल आहे, असं मी कळवतो.

मला घडवलं दीपमालानं. ती याच गावची. बापामागं काकूनं वाढवली, शाळेत घातली, परगावी धाडली. शिकत शिकत ती बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत पोचली. तिथं एका बंद, हवा काढून घेतलेल्या डब्यात माझा जन्म झाला. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकाचे थरावर थर चढवले, इतके पातळ की तुमच्या केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्या थरांच्या मधे इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पापुद्रा असतो. वाफ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर लाट उठते, तशी टेराहर्ट्झचा किरण आला की त्या पापुद्र्यात लाट उठते. वर धातूची एक पट्टी बसवलेली आहे. तिला विजेचा दाब कमीजास्त दिला की खालचे इलेक्ट्रॉन दाट किंवा विरळ होतात आणि लाटेचा सूर बदलतो. हलगीवाला हलगी शेकून सूर चढवतो की नाही, तसं दीपमाला माझा सूर विजेनं चढवायची, उतरवायची. कुठला किरण ऐकायचा, हे त्या सुरावर ठरायचं.

माझ्याआधी माझी कितीतरी भावंडं गेली. एकाला काहीच ऐकू येत नव्हतं. दुसरा नुसता स्वतःच्या गरमीनं दिवसभर ओरडायचा आणि समोर काहीतरी आहे असं सांगत राहायचा. पक्का थापाड्या. तो कचऱ्यात गेला, त्याचं मला दुःख नाही.

मी टिकलो, पण दीपमाला मला सुखानं बसू देत नव्हती. मी काहीतरी मोजलं की ती आधी मलाच खोटं ठरवायला बघायची. किरण बंद करून विचारायची, आता काय म्हणतोस? तारा बदलायची. रिकामं ठेवून विचारायची. ‘हा आकडा मला लई गोड वाटायलाय, काहीतरी घोळ असणार,’ असं ती स्वतःशीच पुटपुटायची. तिथला तो संशय मला आवडायचा. तिथं प्रत्येक जण आधी स्वतःच्या कामावर संशय घ्यायचा, मग दुसऱ्याच्या.

तिथले सर मात्र तिच्यामागं लागले होते. म्हणाले, “अगं, सूर बदलण्याची भानगड कशाला? एक सूर पक्का कर आणि मोकळी हो.”

ती म्हणाली, “सर, एका सुरावर ओल, पीठ, धूळ सगळ्याची सावली सारखीच पडते. सूर बदलल्याशिवाय कुठली सावली कशाची, हे कळत नाही.”

मी आतून मान डोलावली. मला मान नाही, पण डोलावली. त्या दिवशी मला माझ्या घडणीचा अभिमान वाटला होता. पुढं काय वाढून ठेवलंय हे कुठं माहीत होतं.

दसऱ्याच्या अगोदर काकूचा फोन आला. काकू म्हणजे कस्तुराबाई. गावात त्यांची खव्याची भट्टी. पत्र्याची शेड, ओळीनं चुली, चुलींवर लोखंडी कढया. आसपासच्या बायका आपापल्या म्हशीचं दूध घेऊन येतात, आपापल्या कढईत आटवतात, ढवळायचा सराटा फिरवून फिरवून हात भरून येतात. दूध घट्ट झालं, कढईच्या कडा सोडायला लागलं, की खवा उतरवायचा. मग सगळ्यांचा खवा एकाच परातीत पडतो, मळला जातो, त्याचे गोळे होतात. कस्तुराबाईंचे मालक आण्णासाहेब ते गोळे बांधून फाट्यावर नेतात आणि हैद्राबादच्या ट्रॅव्हल्समध्ये चढवतात. एका परातीत सगळ्यांचा खवा म्हणजे एकीचा नासला की सगळ्यांचा नासला.

“दीपे, माल परत आलाय,” कस्तुराबाई फोनवर म्हणाल्या. “हैद्राबादचा शेठ म्हणतोय, खवा ओला हाय. दोन रोजात बुरशी धरली म्हणं.”

“ओला कसा काय राहील काकू? तुम्ही तर करपेपर्यंत आटवता.”

“आमी आटवतो. समद्याच आटवत्यात का, ते कोण बगायलंय? कढई जरा आधी उतरिवली की वजन जास्त भरतंय. कुठंतरी पाणी मुरायलंय बग.”

दीपमालाच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ओल शोधणं, तेही आपल्या गावात, काकूच्या भट्टीवर. तिनं मला एका डब्यात बसवलं. एका बाजूला किरण सोडणारा, दुसऱ्या बाजूला मी, माझ्यापुढं सिलिकॉनचं गोल, करडं, आरशासारखं चकाकणारं भिंग आणि मधे एक खाच. प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये खवा दाबून खाचेत सरकवायचा. आणि आम्ही निघालो. मला विचारलं असतं, तर मी नको म्हणालो असतो. माणसांच्या भांडणात पडायला मला घडवलेलं नव्हतं.

भट्टीवर माझं स्वागत झालं ते असं. आण्णासाहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं की दीपीच्या मिशीनीला कपड्याच्या पल्याड दिसतं. त्यामुळं मी टेबलावर बसलो आणि सगळ्या बायकांनी पदर आवळून माझ्याकडं पाठ केली. धुरपताबाई त्यांच्यात तोंडानं खमकी. ती पुढं आली आणि तिनं माझ्यावर टॉवेल टाकला.

“बायामाणसांत असलं काय आणायचं असतंय व्हय?” ती दीपमालाला म्हणाली.

दीपमालानं शपथेवर सांगितलं की याला फक्त खाचेतलं दिसतं. तरी महिनाभर तो टॉवेल माझ्या डोक्यावर होता. टॉवेल मला अडवत नाही, हे मी सांगायला गेलो नाही. ती टॉवेल टाकून निर्धास्त होत होती, मग कशाला सांगा.

इथंच दीपमालानं एक गोष्ट केली. तिला बंगळूरला परतायचं होतं. बायकांना सूर चढवणं, उतरवणं, रिकामं मोजणं कोण शिकवणार? म्हणून तिनं मला एकाच सुरावर बांधून टाकलं. रिकाम्या खाचेचा आकडा एकदाच मोजून आत भरून ठेवला आणि डब्याच्या पुढच्या बाजूला दोन दिवे बसवले. हिरवा लागला तर खवा कोरडा, लाल लागला तर ओला. जी पोरगी सरांशी एका सुरावरून भांडली होती, तिनंच हे केलं. मला तेव्हाच धाकधूक वाटली. पण ती घाईत होती, आणि काकूला सोपं जावं म्हणून जीव टाकत होती.

सुरुवातीला सगळं हिरवं निघालं. खवा खाचेत सरकवला की बायका श्वास रोखून उभ्या राहायच्या. मी एक बघितलं. आपला दिवा हिरवा लागला की त्या लगेच पदर खोचून कामाला लागायच्या, पण दुसरीची वेळ आली की माना लांब करून बघायच्या. धुरपताबाई तर स्वतःचा दिवा बघायचीच नाही. तिचं सगळं ध्यान शेजारणीच्या दिव्यावर.

त्यांच्यात एक होती हरणाबाई. धनगराची बाई. गावाबाहेर माळावर तिचं घर. नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन फिरतीवर जायचा, घरी दोन म्हशी आणि ही. बोलणं कमी. चहाच्या वेळी बाकीच्या चुलीभोवती बसायच्या, ती दारापाशी. कुणी तिला तिथं बस म्हणालं नव्हतं, पण इकडं ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. मला हे खटकायचं. मला सगळंच खटकतं, तरी हे जरा जास्त.

एके दिवशी भूमकडचे दोन खवेवाले मुद्दाम मला बघायला आले. मला उलटंपालटं करून बघितलं. “लई भारी मिशीन हाय बगा. आमच्याकडं असं काय न्हाय,” असं म्हणत चहा पिऊन गेले. ते गेले आणि कस्तुराबाईंचा जीव था‍ऱ्यावर राहिना. त्यांचं त्या दोघांच्या डोळ्यांकडं लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मग करंगळी काजळात बुडवली आणि माझ्या भिंगावर तीट लावली. चांगली ठसठशीत, नीट दाबून.

“माझ्या लेकराच्या कष्टाचं हाय,” त्या म्हणाल्या. “कुणाची दिष्ट लागाया नगं.”

मला आजवर एवढ्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. आणि त्याच मायेनं मी आंधळा झालो. काजळ म्हणजे काजळी. किरण तिच्यात शिरले की निम्मे तिथंच मरतात. भिंग मुळातच करडं, त्यातून खाचेच्या आत; त्यावरची ती काळी तीट कुणाच्या नजरेलाही येईना.

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, दोन दिवे आहेत, आणि त्यांतला एकच लागतो.

त्या सकाळी सगळ्यांत आधी आली हरणाबाई. माळावरून येणारी, म्हणून पहाटे उठून दूध काढणारी, म्हणून रोज पहिली. तिनं खवा आटवला, चकतीत दाबला, माझ्या खाचेत सरकवला. दिवा लाल लागला.

शेडमध्ये सराट्यांचा आवाज थांबला.

“बगा, बगा,” धुरपताबाई म्हणाली. “मला आधीपासनं वाटायलंच होतं. सकाळी सकाळी एकटीच असती हितं. कोण बगायलंय तिला?”

आण्णासाहेब आत आले. त्यांनी दिवा बघितला, मग हरणाबाईकडं. “हरणाबाई, कढई लवकर उतरिवतीस काय गं?”

“न्हाय मालक. रोजच्यावानीच आटिवलंय.”

“मग काय मिशीन खोटं बोलायलंय?”

होय, खोटं बोलतंय, असं मला म्हणायचं होतं. सगळा जीव एकवटून म्हणायचं होतं. लाल दिवा तसाच जळत राहिला.

पुढं जे झालं, त्याचा मला आजही राग येतो. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या एकीचाही खवा माझ्यापुढं लावला नाही. लावला असता, तर धुरपताबाईचाही लाल निघाला असता, कस्तुराबाईंचाही निघाला असता, आणि तासाभरात सगळ्यांना कळलं असतं की बिघाड माझ्यात आहे. पण चोर सापडल्यावर आपली झडती कोण देतो? “आमचं कशाला लावायचं? कुणाचं हाय ते कळलंय की आता,” असं म्हणून सगळ्या आपापल्या कढईकडं वळल्या. त्या दिवसापासून फक्त हरणाबाईचा खवा माझ्यासमोर यायचा, आणि फक्त तिचाच लाल निघायचा.

तिचा खवा परातीत घ्यायचं बंद झालं. ती काही भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कढई जास्त वेळ ठेवली. लाल. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. चुलीत सरपण सारत राहिली, सराटा फिरवत राहिली, दुधाचा रंग पालटून तांबूस झाला, दाणा पडला, तळाशी लागायला लागलं तरी उतरवेना. बाकीच्या बायका निघून गेल्या तरी ती एकटी धुरात उभी. शेवटी तिनं माझ्यापुढं खवा आणला तो भाजलेल्या ढेकळासारखा. चकतीत दाबला तर चुरा होत होता.

कस्तुराबाईंनी तो बोटांत घेतला, चुरगाळला. “हाताला तर कोरडा लागायलाय,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी तो खाचेत सरकवला. लाल.

कस्तुराबाईंनी बोटांकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं. मग बोटं पदराला पुसली. “दिवा तर लालच हाय, हरणे. म्या तरी काय करू सांग.”

हरणाबाईनं ते ढेकूळ टेबलावरच ठेवलं, किटली उचलली आणि गेली. पुन्हा आली नाही. शेजारच्या गावच्या भट्टीवर तिनं दूध नेऊन बघितलं म्हणे, पण तिथं तिच्याआधी बातमी पोचली होती. दोन म्हशींचं दूध घरात नासायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे रस्त्यानं चालताना बायका तिच्याकडं बघून बोलणं थांबवायच्या. हे मला धुरपताबाईच्या तोंडून कळलं. ती ते हसत हसत सांगत होती.

मला लाज वाटत होती. संशय घेणं हा माझा धंदा खरा, पण मी असला खोटा संशय कधी घेतला नव्हता.

दीपमालाला ही बातमी फोनवर मिळाली. “चोर सापडला गं बाई,” कस्तुराबाई म्हणाल्या. “तुझ्या मिशीनीनंच सापडून दिला.”

“कोण?” दीपमाला खुशीत म्हणाली.

“आपली हरणाबाई. रोज लाल.”

“आणि बाकीच्यांचं काय निघालं?”

“बाकीच्यांचं कशाला लावायचं? एकदा कळल्यावर.”

कस्तुराबाई हॅलो हॅलो करत राहिल्या. मग दीपमाला म्हणाली, “काकू, त्या डब्याला हात लावू नका कुणी. मी निघाले.”

ती रेल्वेनं सोलापूरला उतरली, बार्शीवरून एसटीनं आली आणि चहाही न घेता माझ्यापुढं बसली. हरणाबाईचं ते तांबूस ढेकूळ अजून फडताळात पडून होतं. तिनं त्यातला तुकडा खाचेत ठेवला. माझ्या सुराला बांधून ठेवलेली दोरी तिनं सोडली. म्हणजे दोरी काही नव्हती, पण मला तसंच वाटलं. सूर खाली घेतला, मग हळूहळू वर चढवत नेला. आण्णासाहेब मागं उभे राहून बघत होते.

“काय दिसायलंय?” त्यांनी विचारलं.

“पाणी असतं ना काका, तर सूर चढवत गेलं की सावली गडद होत जाते. पाण्याची तशी खोड आहे. ही सावली खालच्या सुरातही तेवढीच, वरच्या सुरातही तेवढीच.” तिनं तुकडा काढून घेतला. खाच रिकामी झाली. सावली जागची हलली नाही. “खव्यात काहीच नाही. याच्या डोळ्यावर काहीतरी आहे.”

तिनं कापसाचा बोळा घेऊन माझं भिंग पुसलं. बोळा काळा निघाला. तिनं तो उजेडात धरला आणि वळून बघितलं.

कस्तुराबाई चुलीपाशी उभ्या होत्या. “ती तीट म्या लावली,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मिशीनीला दिष्ट लागू नये म्हणून लावली गं.”

दीपमालाला रडू फुटलं. मला वाटलं, ती काकूवर ओरडेल. ती म्हणाली, “काकू, तुम्हाला काय माहीत. मीच याला एका सुरावर बांधून गेले. सकाळी एकदा रिकामं मोजा, एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं. पाच वर्षं राबून मी एक वस्तू केली आणि तिनं गावात पहिलं काम काय केलं, तर एका बाईला चोर ठरवलं.”

मग तिनं सगळ्यांचा खवा लावायला लावला. एकीलाही सोडलं नाही. सगळ्यांचा कोरडा, हरणाबाईच्या जुन्या ढेकळासकट. शेवटी तिनं फाट्यावर न्यायला बांधून ठेवलेला गोळा सोडला आणि त्याची वरची कड लावली. ती ओली. आण्णासाहेब गाडी चुकू नये म्हणून गरम गरम खवा प्लॅस्टिकमध्ये बांधत होते. वाफ आतच कोंडायची, पाणी होऊन गोळ्याला लागायची, आणि हैद्राबादेत बुरशी धरायची. चोर कुणीच नव्हता. आण्णासाहेब बाहेर गेले आणि उगाचच जीपचं टायर बघत बसले.

“मला आधीच वाटलं व्हतं, हरणाबाई तसली न्हाय,” धुरपताबाई म्हणाली. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही.

संध्याकाळच्या आत दीपमाला मला पिशवीत घालून माळावर घेऊन गेली. कस्तुराबाई बरोबर. बिराप्पा मेंढरं घेऊन घरी परतला होता, दारात घोंगडी अंथरून बसला होता. हरणाबाई म्हशींना वैरण टाकत होती. आम्हाला बघून तिनं हातातली वैरण खाली ठेवली नाही.

कस्तुराबाईंनी सगळं सांगितलं. तिटीचं, काजळाचं, प्लॅस्टिकचं. काही राखून ठेवलं नाही. शेवटी हात जोडले. “चुकी झाली माझी, हरणे. उद्यापासनं ये.”

हरणाबाई ऐकत होती. मग म्हणाली, “मिशीनीच्या डोळ्यावर काजळ व्हतं, ते कळलं आक्का. पर तुमी हात लावून बगितला व्हता की. कोरडा लागायलाय, असं तुमीच म्हणलात.”

कस्तुराबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. दीपमाला मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. आणि मी पिशवीत होतो. कापडातून मला सगळं पार दिसतं म्हणतात ना, पण त्या वेळी मला काही बघायचंच नव्हतं.

बिराप्पा उठला. “जा उद्या,” तो बायकोला म्हणाला. “दुधाचं काय करायचं मग?”

ती दुसऱ्या दिवशी आली.

आता मी तुम्हाला माझी आजची हालत सांगतो. दीपमालानं माझी नवी घडण केली. सकाळी चालू झालो की मी आधी रिकामी खाच मोजतो, म्हणजे आधी स्वतःवर संशय घेतो. मग सगळ्या सुरांत फिरून येतो आणि सावली कशाची आहे हे ठरवतो. माझ्या पोटात पाणी वेगळं, धूळ वेगळी, काजळ वेगळं कळतं. खवा आता गार करून बांधतात, माल परत येत नाही. हळूहळू बायकांनी माझ्यासमोर खवा लावणं सोडून दिलं. कामच उरलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. मी फडताळात गेलो. कस्तुराबाई हरणाबाईला चहाला चुलीपाशी बोलावतात, आता अगदी हाताला धरून बोलावतात. ती दारापाशीच बसते.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. खवा, दूध, धान्य, पानं, जे काय असेल ते माझ्यापुढं खुशाल ठेवा. मी सांगेन ओल कुठं आहे, आणि चुकलो तर मला उघडून बघा. पण माणूस खरा की खोटा, हे मला विचारू नका. ते मला जमत नाही. माझ्या एका लाल दिव्यानं जे मोडलं, ते माझ्या कुठल्याच सुरानं पुन्हा जुळवता आलेलं नाही.

कारण माझी खाच अजून रोज एकदा भरते. सकाळी सगळ्या जमल्या की हरणाबाई कढई उतरवते आणि फडताळातून मला काढून टेबलावर ठेवते.

“अगं, राहू दे की आता,” कस्तुराबाई म्हणतात. “टाक परातीत. कोण काय म्हणायलंय तुला?”

“न्हाय आक्का. आधी मिशीनीला दावते.”

ती चकती सरकवते. दिवा हिरवा लागतो. ती दिव्याकडं बघतसुद्धा नाही. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत उभी राहते, सगळ्यांनी बघितलं याची खात्री करून घेते, आणि मगच आपला खवा परातीत टाकते.